आंब्याच्या लाकडाचा बुद्ध

मधू,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं आणि मी नुसते हात जोडून खाली बसलो. लोकांना वाटलं, याचा गळा दाटला. तसं नव्हतं रे. माझ्याआधी पुष्कळ जण बोलले होते. तळेघरच्या शाळेतली तुझी पोरं, आता स्वतःच पोराबाळांची झालेली, एसट्या बदलून आली होती. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी उतरेपर्यंत गुरुजी पलीकडच्या काठावर भिजत उभे राहायचे, पण शाळा चुकवायचे नाहीत, हे त्यातल्या एकानं इतकं चांगलं सांगितलं की मांडवातल्या बायका डोळे पुसायला लागल्या. विहाराच्या मंडळाचे अण्णा बोलले. सगळं खरं होतं. मी उभा राहिलो तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांपुढं वेगळंच आलं. तू आळेफाट्याच्या माझ्या दुकानात स्टुलावर बसलायस, डोळ्याला शाळेतलं भिंग लावलंयस आणि कागदावरची एक पांढरी अळी अजून हलतेय का ते बघतोयस. हे माईकवर कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, काही सुचेना. म्हणून बसलो.

घरी आल्यावर इंदू म्हणाली, बोलता आलं नाही तर लिहा. म्हणून लिहितोय. तू वाचणार नाहीस हे कळतं मला. पण तुझ्याशी बोलायची सवय इतक्या लवकर मोडत नाही.

सुरुवात चवळीपासूनच करायला पाहिजे. ओतूरच्या एका गृहस्थाच्या मुलानं दुबईहून मायक्रोवेव्ह आणला होता, चांगला मोठ्या पोटाचा. आपल्याकडच्या विजेच्या चढउतारानं तो महिन्याभरातच बसला आणि माझ्याकडं दुरुस्तीला आला. मी टीव्ही, टेप, मिक्सर बघणारा माणूस. असलं यंत्र तोवर नुसतं चित्रात पाहिलेलं. भाग मिळवायला पुण्याला खेपा घातल्या, त्यात इतके दिवस गेले की त्या लोकांनी तो परत न्यायचंच सोडून दिलं. आमचं गॅसवर भागतंय, तुम्हीच ठेवा, असा निरोप आला. मग मी तो चालू करून घरी आणला, आणि इंदूनं त्यात पहिल्यांदा काय घातलं असेल, तर भुंगे लागलेली चवळी. त्या रविवारी तू चहाला आला होतास. परातीत चवळी ओतली तर सगळे भुंगे आडवे आणि चवळी जशीच्या तशी, नुसती कोमट. आम्ही दोघं हसत होतो. तू हसला नाहीस. कपातला चहा तसाच ठेवून म्हणालास, "दत्तू, लाकडातली कीड मरंल का रे ह्यात?"

तेव्हा मला विहारातल्या मूर्तीचं कळलं. आता सांगताना विचित्र वाटतं, पण बोरीत जन्म गेला, तुझ्या-माझ्या घराच्या मधे शाळेचं पटांगण तेवढं, तुझ्या आईच्या हातच्या भाकरी मी किती खाल्ल्या, तरी चाळिशी उलटून गेली तोवर मी विहारात पाऊल टाकलं नव्हतं. मला कुणी अडवलं नव्हतं. पाय तिकडं वळला नव्हता, एवढंच. त्यामुळं तात्यांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, ती मूर्ती कशी घडवली हे मी त्या दिवशी प्रथम ऐकलं. तात्या मुंबईला गोदीत सुतारकाम शिकून आलेले. धर्म बदलल्यानंतरच्या वर्षांत गावाकडं आयती मूर्ती मिळायची नाही. कुकडीच्या काठचा एक आंबा वादळात पडला, त्याचं खोड त्यांनी आणलं, सावलीत ठेवून वाळवलं आणि कॅलेंडरवरचं एक चित्र समोर ठेवून बसलेला बुद्ध कोरला. बसवतानाच मंडळानं त्याला जाड सोनेरी रंग दिला. आणि आता त्या बुद्धाच्या मांडीवर रोज सकाळी पिठासारखा भुसा पडत होता. वाळवी नव्हे, वाळवी बाहेरून मातीचा थर चढवत येते. ही कीड आत जन्मायची, आतलं लाकूड खायची आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून बाहेर पडायची.

मंडळात कुणी सुचवलं की सुईनं भोकांत औषध सोडू. त्याला तू नाही म्हणालास. मग बाकीचे म्हणाले, तर मग संगमरवरी मूर्ती आणू आणि ही नदीत सोडू. कीड विहाराच्या वाशांत शिरली तर छप्पर जायचं. त्यांचं काही चुकीचं नव्हतं.

पुढच्या रविवारी तू आलास तो नकार घेऊनच. "नको दत्तू. औषध काय आन् ही ऊब काय, मारणं ते मारणंच." मला राग आला होता, कारण आठवडाभर मी त्याच विचारात होतो, यंत्र परत दुकानात नेलं होतं, लाकडाचे तुकडे गोळा करून ठेवले होते. तू टोमॅटोवर फवारा मारतोस की, असं मी म्हटलं. तू म्हणालास, मारतो, आणि मारताना मला बरं वाटत नाही, पण ते पोटासाठी आहे. हे तर ज्यानं मारू नका म्हणून सांगितलं त्याच्याच छातीत मारायचंय. मी म्हटलं, मग पडू दे मूर्ती, सोडा नदीत, तुझ्याच बापानं केलीय. हे जरा जास्त झालं. तू पायात चपला घातल्यास आणि पटांगण ओलांडून घरी गेलास. त्या वादात मला काय उत्तर द्यायचं होतं ते मला अजून सापडलेलं नाही, हे तुला सांगून ठेवतो.

तुझं मन मी वळवलं नाही. ते वहिनींनी केलं. विहाराची सकाळची झाडलोट सुनंदावहिनींकडं होती. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यामुळं तू घरीच होतास. एका सकाळी मूर्ती पुसताना बुद्धाचा डावा कान त्यांच्या हातात आला. तो पदरात गुंडाळून त्या घरी आल्या, तुझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचा इचार तुमच्यापाशी. मी रोज सकाळी तात्यांना झाडून सुपलीत भरतीय, ते माझ्यानं आता व्हणार न्हाई." हे मला वहिनींनीच नंतर सांगितलं. तू यातलं अक्षरही बोलला नाहीस. तू फक्त दुपारच्या उन्हात आळेफाट्याला आलास, दुकानाच्या फळीवर तो कान ठेवलास आणि विचारलंस की त्या किड्यांना किती वेळ त्रास होईल.

मी म्हटलं, मला माहीत नाही. पटकन होत असावं.

तू फळीवरचा कान उलटा करून बघितलास. मग म्हणालास, "यंत्र तू चालव. पण बटण मी दाबणार."

"का रं?"

"मारायचंय ते आमच्या बुद्धासाठी. ते तुझ्या हातनं करून घिऊन मी बाजूला ऱ्हायलो, तर ते लई वाईट."

मला तेव्हा हसू आलं होतं. बटण कुणी का दाबेना, किड्याला काय फरक पडतो, असं वाटलं होतं. आता नाही तसं वाटत. माणसं आपली नकोशी कामं किती सहज दुसऱ्याच्या अंगावर ढकलतात ते या वयात पुष्कळ बघून झालंय.

मग मंडळाची बैठक झाली आणि तिच्यासाठी मी पहिल्यांदा विहाराची पायरी चढलो. पांढरी चादर अंथरलेली, समोर मूर्ती, आणि सगळे माझ्याकडं बघतायत. अण्णा तेव्हाही अध्यक्षच होते. ते मला काही बोलले नाहीत, तुला बोलले. म्हणाले, "गुरुजी, तुमी बुद्धाला भट्टीत घालायला निघालाय. तेबी गावाबाहेर, टीव्हीच्या दुकानात." तू आवाज चढवला नाहीस. ही भट्टी नाही, आत जाळ नसतो, लाकडातला ओलावा तापतो आणि कीड त्या उबेनं मरते, हे तू चौथीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलंस. मग म्हणालास की मूर्ती माझ्या बापानं केलेली आहे, बिघडली तर मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन की माझ्यामुळं बिघडली. तुझं बोलणं त्यांना पटलं नव्हतं, पण त्यांनी वैशाखी पौर्णिमेपर्यंतची मुदत दिली. पौर्णिमेला मूर्ती जागेवर पाहिजे, नाहीतर संगमरवरी आणायची.

अख्खी मूर्ती यंत्रात मावणार नव्हती, पण तुला तिचे भाग सुटे करायचे नव्हते. यंत्रच विहारात नेऊन, त्याचं दार काढून ते मूर्तीसमोर लावता येईल का, असं तू दोनदा विचारलंस. मी साफ नाही म्हटलं. ते दार उघडं ठेवून यंत्र चालवायचं म्हणजे आपले डोळे घालवायचे, शिवाय आणखी काय काय. त्या एका गोष्टीत मी तुझं ऐकलं नाही. मग तू मूर्तीजवळ बसून तिच्यावरून हात फिरवत राहिलास. तात्यांनी लोखंडी खिळा एकही वापरला नव्हता, हे आपलं नशीब, कारण आत खिळा असता तर ठिणग्या उडाल्या असत्या. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. त्या कुठल्या बाजूनं ठोकल्यात हे तुला लहानपणापासून ठाऊक होतं. तू लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकलंस आणि डोकं, धड आणि मांडी घातलेला भाग असे वेगळे झाले. सांध्याच्या आत तात्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, कालच ओढल्यासारख्या काळ्याभोर. तू त्या खुणांवर बोट ठेवलंस, आणि मी उगीचच बाहेर जाऊन चप्पल शोधत बसलो.

आळेफाट्यापर्यंत टमटमनं गेलो ते आठवतं का? तुझ्या मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं डोकं, माझ्या मांडीवर धड, आणि बाकीचं पायाशी. ड्रायव्हरनं आरशातून बघून विचारलं, गुरुजी, काय नेताय एवढं जपून. तू म्हणालास, "थोरलं पावणं हायत." त्यानं त्यानंतर सगळे खड्डे जपून चुकवले.

मूर्तीला हात लावण्याआधी आपण तुकड्यांवर करून पाहिलं. तुझ्या घरी त्याच आंब्याच्या उरलेल्या खोडाचा एक जाड पाट होता, त्यालाही कीड लागलेलीच होती. त्याचे तुकडे कापले. पहिला तुकडा मी सरळ ठेवला आणि वेळ लावली. बाहेर काढला तर वरून नुसता कोमट. मी खूश होऊन तुझ्या हातात दिला. तू नाकाशी नेऊन म्हणालास, जळाल्याचा वास येतोय. फोडून बघितला तर आत कोळसा झाला होता. मधू, ते बुद्धाचं डोकं असतं तर?

त्यानंतर आपण घाई सोडली. थोडं तापवायचं, थांबायचं, ऊब आतपर्यंत पसरू द्यायची, मग पुन्हा थोडं. शेजारी पाण्याचा पेला ठेवायचा म्हणजे सगळा जोर लाकडावर येत नाही. बाहेर काढल्यावर तुकड्याला बारीक भोक पाडून तू शाळेतला तापमापक आत घालायचास. मग तुकडा फोडायचा, आतल्या अळ्या कागदावर घ्यायच्या, आणि तू भिंग घेऊन बसायचास. हलतात का? पहिल्यांदा हलल्या. मग आणखी थोडी ऊब. तुला घाईनं "मेली" म्हणायला आवडायचं नाही. तू वाट बघायचास, कागद सावलीत ठेवून चहा प्यायचास आणि परत येऊन बघायचास. दुकानात टीव्ही घ्यायला आलेली माणसं तुला वेडा समजत असावीत. मलाही कधीकधी वाटायचं. पण ज्याला मारतोय त्याच्याकडं इतक्या नीट बघणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

सोनेरी रंगाचं लफडं त्याच सुमाराला कळलं. निघालेल्या कानाचाच एक पोखरलेला कपचा आपण रंगासकट ठेवला, तर आत चटचट निळ्या ठिणग्या. रंगात धातूची पूड होती. म्हणजे रंग खरवडायचा. अण्णांना हे कळलं तेव्हा ते पुन्हा चिडले. सोन्याचा बुद्ध नेला आणि लाकडाचा परत आणणार का, म्हणाले. मूर्तीचे भाग परत बोरीला आणले आणि ते काम वहिनींनी हातात घेतलं. तुमच्या ओट्यावर बसून त्या पॉलिश पेपरनं घासायच्या, बोटांना सोनेरी पूड लागलेली असायची, त्याच हातांनी चहा द्यायच्या. रंग निघेल तसं लाकूड दिसायला लागलं. चेहरा मोकळा झाला त्या संध्याकाळी तू ओट्यावर येऊन उभा राहिलास, बघितलंस आणि आत निघून गेलास. मला वाटलं, तुला आवडलं नाही.

शेवटी तो दिवस आला. दुपारी वीज यायची, तीही कमी दाबाची, म्हणून मी वेगळा स्टॅबिलायझर जोडून ठेवला होता. दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. आधी डोकं. ते आतल्या काचेच्या थाळीवर ठेवलं, दार लावलं. माझा जीव विजेत अडकलेला; गेली तर पुन्हा कधी येईल सांगता येत नव्हतं.

तू म्हणालास, "दत्तू, जरा थांब."

डोळे मिटलेस. ओठ हलत होते. काय म्हणत होतास ते मला ऐकू आलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. मग तू बटण दाबलंस.

आत दिवा लागला आणि थाळी फिरायला लागली. बुद्धाचं डोकं हळूहळू आपल्याकडं वळायचं, आपल्याकडं बघायचं आणि पुन्हा भिंतीकडं जायचं. तसं ते परत परत येत राहिलं. आपण दोघं यंत्रासमोर खाली बसलेलो. मी माझ्या धंद्यात पडद्यावर काय काय पाहिलंय, पण त्या चौकोनी काचेत पाहिलं तसं काही पाहिलं नाही. थांबत थांबत, संध्याकाळपर्यंत तिन्ही भाग झाले. धड बाहेर काढलं तेव्हा ते अंगाएवढं उबदार लागत होतं. तू ते छातीशी धरून बसलास, निवेपर्यंत सोडलं नाहीस.

नंतर भोकं लाकडाच्या भुशानं आणि सरसानं बुजवली, कान चिकटवला, जवसाचं तेल चोळलं. उबेनं आतली कीड मरते, पण नवी बाहेरून यायची ती येऊ शकते, म्हणून दर उन्हाळ्याला तेल द्यायचं असं मी वहिनींना सांगितलं. खुंट्या तूच ठोकल्यास.

पौर्णिमेला मूर्ती जागेवर होती. सोनं नाही, रंग नाही, आंब्याचं तपकिरी लाकूड तेलानं उजळलेलं. लोक येऊन वंदन करून बसत होते, कुणी काही बोलत नव्हतं, आणि त्या गप्प बसण्याचीच मला धास्ती वाटत होती. मग अण्णा आले. काठी बाजूला ठेवून वाकले, वर बघितलं आणि तसेच थांबले. किती वेळ थांबले. मग मागं वळून म्हणाले, "आरं, ही तर भागूआजी."

भागूआजी म्हणजे तात्यांची आई. मी तिला पाहिलेलं नाही. पण म्हाताऱ्या बायका उठून पुढं आल्या आणि एकेक जण सांगायला लागली की नाक तिचंच, हनुवटी तिचीच, ओठ मिटून हसायची तेही तसंच. तात्यांनी कॅलेंडरवरचं चित्र समोर ठेवलं होतं, पण हातातून उतरली ती आई. एवढी वर्षं ती सोनेरी रंगाखाली बसली होती. अण्णांनी डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, "रंग देऊ नका." संगमरवरी मूर्तीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

परत येताना मी तुला विचारलं, तू ओळखलं होतंस का. तू म्हणालास, ओट्यावरच ओळखलं. मग बोलला का नाहीस, तर म्हणालास, त्यांचं त्यांना दिसू दे की.

त्यानंतरची वर्षं ही माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं, मधू. हे मी तुला कधी म्हटलं नाही. पुरुष माणसं असलं म्हणत नाहीत. मूर्तीचं ऐकून लोक वस्तू घेऊन यायला लागले. पोळपाट, पाळण्याच्या दांड्या, मुसळाचे तुकडे. नारायणगावच्या तमाशातला एक ढोलकीवाला ढोलकीचं पोखरलेलं खोड घेऊन आला, आणि ते बरं झाल्यावर त्यानं दुकानाच्या फळीवरच अशी थाप मारली की समोरचा पंक्चरवाला धावत बघायला आला. येडगावची इंदूची बहीण देव्हारा घेऊन आली, तो आत मावेना म्हणून सुटा करायचं काम तुझ्याकडं. तू तळेघरहून शनिवारी यायचास आणि रविवारी दुकानात हजर. बटण तूच दाबायचास, आणि दाबण्याआधी तेच, डोळे मिटून थांबणं. तुझी बदली जवळ झाली तरी रविवार चुकला नाही.

आणि भांडण. ते तर चालूच. मी म्हणायचो, आपण वस्तू वाचवतो. तू म्हणायचास, "आपण मारतो. बेतानं मारतो, एवढंच." मी म्हणायचो, मग करतोस कशाला? तू म्हणायचास, कारण ढोलकीही पाहिजे. मग करताना तोंड पाडून का बसतोस? कारण ते मारणंही आहे. असं गोल गोल फिरत राहायचं, चहा येईपर्यंत. मला सारखं वाटायचं, एक दिवस याला असं काहीतरी उत्तर देईन की हा गप्प बसेल. तू असा गप्प बसशील हे काही माझ्या मनात नव्हतं.

गेल्या महिन्यात छातीत कळ आली आणि दोन दिवसांत सगळं संपलं, त्याबद्दल मी लिहीत नाही. दवाखान्यात मी आलो होतो, तू झोपेत होतास. उठवावं वाटलं नाही. सांगायचं काही विशेष नव्हतं, आणि असतंच तर ते रविवारी सांगता येईल असं वाटलं.

आता आजची गोष्ट. तिच्यासाठीच खरं तर बसलो लिहायला. सकाळी वहिनींकडं गेलो होतो. पाहुणे गेलेत, घर शांत आहे. वहिनी बऱ्या आहेत. रडतात, पण जेवतात. म्हणाल्या, भाऊजी, मागं एक ओंडका हाय, त्याचं काय करू सांगा. ह्यांनी जाळू दिला न्हाई कधी.

मागं गेलो. तुमच्या गोठ्याच्या भिंतीला लागून आंब्याचा जाडजूड ओंडका पडलेला. भोकं, भोकं, भोकंच. खाली ताज्या भुशाचे छोटे छोटे ढीग. मी वाकून बघत राहिलो. वहिनी सांगत होत्या की मूर्तीचं काम झालं त्याच पावसाळ्यात तू हा कुठूनसा आणून टाकलास. संपत आला की दुसरा आणायचास. विचारलं की म्हणायचास, त्यांनापण कुठंतरी ऱ्हाऊ दे. मला सांगायचं नाही अशी त्यांना ताकीद होती, कारण दत्तू चिडेल.

चिडलोच मी. तुझ्यावर तिथंच, वहिनींसमोर चिडलो. अरे शहाण्या माणसा, इतकी वर्षं दर रविवारी माझ्यासोबत बसून कीड मारतोस आणि घरामागं तिची वस्ती वसवतोस? इथून उडून ती विहारात जायला किती वेळ लागणार होता? गोठ्याच्या वाशांना लागली असती तर? वहिनी आधी घाबरल्या, मग त्यांना हसू आलं, मग मलाही. तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. हसता हसता खालीच बसलो, त्या ओंडक्याशेजारी. शांत होतं. कान लावला तर आतून अगदी बारीक कुरकुर ऐकू येत होती.

जाळायला मी पण सांगितलं नाही. पण तिथं ठेवणं बरोबर नव्हतं, हे तुला मान्य करावं लागेल. शेजारून हातगाडी मागून आणली, वहिनींनी एका बाजूनं हात लावला, मी दुसऱ्या, आणि ओंडका नदीकडं नेला, वस्तीपासून आणि विहारापासून चांगला लांब, तुमच्या रानाच्या पार खालच्या बांधाला. दगडांवर ठेवला, जमिनीची ओल लागू नये म्हणून. वहिनी म्हणाल्या, पावसात भिजून कुजून जाईल हो हा.

ते बरोबर होतं. दुपारी दुकानात जाऊन एक जुना पत्रा घेऊन आलो आणि त्याच्यावर टाकला. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दोन दगड ठेवलेत.